होकाराचं बटण

हेमलता बारेला वाल्मीकच्या ऑफिसात पहिले पंधरा दिवस खुर्चीच्या काठावर बसायची. पाठ टेकवायची नाही. कोणी ऊठ म्हणालं तर उठायला वेळ लागू नये, अशी. मी एकदा म्हणालो, "बाई, नीट बस. मोडली खुर्ची तर वाल्मीक दुसरी आणेल, तेवढंच ऑफिसात काहीतरी नवीन येईल." ती हसली नाही. "हो नाना" म्हणाली आणि आणखी दोन बोटं पुढे सरकली.

मी तिथे काय करत होतो ते आधी सांगून टाकतो, नाहीतर म्हातारा पोरींच्या ऑफिसात चकरा मारतो अशी बातमी जळगावभर व्हायची, आणि बातमी कशी पसरते ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक. आमच्या समाजाचं वधू-वर सूचक मंडळ आहे. गेली एकवीस वर्षं त्याच्या वह्या मी सांभाळतो. कोणाची मुलगी किती शिकली, कोणाचा मुलगा पुण्यात काय करतो आणि काय करतो म्हणून सांगतो, कोणाच्या पत्रिकेतला मंगळ कोणत्या गुरुजींनी सौम्य करून दिला, हे सगळं सतरा वह्यांत आहे. वह्यांत लिहिण्यासारखं नसलेलं डोक्यात आहे. मंडळातल्या तरुणांना वाटलं, नाना गेले की डोकंही जाईल, त्याआधी वेबसाईट करून घ्यावी. काम वाल्मीककडे गेलं. रिंग रोडला चष्म्याच्या दुकानावर त्याचं ऑफिस; सहा कॉम्प्युटर आणि एक कूलर, तोही फक्त वाल्मीकच्या दिशेने वारा फेकणारा. माझं अक्षर माझ्याशिवाय कोणाला लागत नाही. म्हणून रोज अकरा वाजता मी वही घेऊन बसायचो, वाचून दाखवायचो आणि हेमलता टाइप करायची.

ती चोपडा तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. वडील सुकलाल, आई बुधीबाई. पावसावरची थोडी शेती, मोहाच्या दिवसांत मोहफुलं, उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी. आश्रमशाळेत दहावी केली, चोपड्याला बारावी, मग जळगावात वसतिगृहात राहून कॉम्प्युटरची पदवी. शेवटच्या सत्रात इंटर्नशिप सक्तीची होती. वर्गातल्या कोणाचे काका पुण्यात होते, कोणाचे मामा नाशकात. हिचे काका-मामा सगळे पाड्यावर. तिने रिंग रोडवरच्या पाट्या वाचत एकामागून एक जिने चढायला सुरुवात केली. अकराव्या जिन्यावर वाल्मीक भेटला.

वाल्मीक माणूस वाईट नाही. स्वतःच्या जिवावर उभा राहिलेला आहे आणि अशा माणसांची एक खोड असते, आपणही कधी नवखे होतो हे ती विसरतात. तो चालता चालता काम सांगायचा, अर्धं इंग्रजीत, अर्धं फोनवर दुसऱ्याशी बोलताना. हेमलता प्रत्येक वेळी म्हणायची, "हो सर." समजलं तरी हो सर, नाही समजलं तरी हो सर. आश्रमशाळेत दुसऱ्यांदा विचारलं की कान घरी ठेवून आलीस का म्हणायचे. तिथे लागलेली ती सवय. रात्री वसतिगृहावर जाऊन ती न समजलेले शब्द शोधून काढायची आणि दुसऱ्या दिवशी काम बरोबर करून आणायची. तीन महिने हे निभावलं. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, मुलीला सगळं समजतं. तिलाही थोडंसं वाटायला लागलं असेल.

वह्या वाचताना आम्ही नवव्या वहीत आलो आणि रोहिणीचं पान निघालं. शिंदखेडा तालुक्यातली मुलगी, झुलाल आबांची थोरली. वय तेहेतीस, डी.एड., गावाजवळच्या शाळेत शिकवते. नऊ वर्षांपासून माझ्या वहीत. सात ठिकाणच्या लोकांनी येऊन पाहिली, पोहे खाल्ले आणि गेले. प्रत्येक नकारापुढे मी माझ्या सोयीसाठी एक अक्षर लिहून ठेवलेलं होतं. हेमलताने विचारलं, "नाना, हे सात वेळा 'रं' काय आहे?"

मी म्हणालो, "रंग."

तिची बोटं थांबली. मग तिने विचारलं, हेही टाकायचं का. मी म्हणालो, नको. एकवीस वर्षं ते अक्षर लिहिताना माझा हात थांबला नव्हता, हे मी तिला सांगितलं नाही.

एप्रिल सरत आला. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर होती. ज्यांना खान्देश माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दिवाळीला एखाद वेळी लेक आली नाही तरी चालेल, अखाजीला माहेरी यायचीच. गावोगावी निंबाला झोके बांधलेले, गाणी चाललेली, घरोघर आमरस आणि खापरावरचे मांडे. गावातली प्रत्येक लग्न झालेली मुलगी त्या आठवड्यात गावात असते. आणि लग्न न झालेलीही तिथेच असते, फक्त तिला कोणी कधी आलीस म्हणून विचारत नाही.

त्या गुरुवारी हेमलताकडे एक काम होतं. साईटवर मुलाकडच्यांनी 'होकार' असं बटण दाबलं की मुलीच्या वडिलांच्या मोबाइलवर मेसेज जायला हवा. ते बटण चालतं का, बघायचं. मोठ्या कंपन्यांत म्हणे कामाची एक नक्कल वेगळी ठेवतात आणि काय मोडतोड करायची ती तिच्यावर करतात. वाल्मीककडे नक्कल वगैरे नव्हती. चालत्या बैलगाडीचं चाक बदलायचं, हीच रीत. आधी मेसेजचं पॅक संपलेलं होतं, म्हणून बटणं दाबून काही बिघडत नव्हतं. पण बुधवारी वाल्मीकने पॅक भरलं आणि जिना उतरता उतरता हेमलताला सांगितलं, आता लाइव्ह आहे, टेस्टिंग डमीवर कर. पॅक भरल्याचं तो बोललाच नाही. लाइव्ह म्हणजे चालू, डमी म्हणजे तपासायला केलेलं खोटं नाव, पुस्तकातले हे दोन्ही शब्द तिला पाठ होते. पण इथे डमी कुठे आहे, ती कोणी करायची, हे विचारायला हवं होतं.

ती म्हणाली, "हो सर."

तीनशे बारा नावांतून तिने रोहिणीचं नाव काढलं. मुलगा निवडला तो यादीतला सगळ्यात चांगला, नाशिकचा इंजिनीअर. बटण दाबलं. ते हिरवं झालं. तिने वहीत 'चालतं' असं लिहिलं आणि ती वसतिगृहावर गेली.

मी तिला नंतर विचारलं, तीनशे बारांत तीच का. ती म्हणाली, "मला वाटलं, पॅक संपलेलंच आहे, मेसेज कुठे जातोय. एकदा तरी कोणीतरी तिच्यासाठी दाबावं."

शुक्रवारी सकाळी मला झुलाल आबांचा फोन आला. आबा म्हणजे कमी बोलणारा माणूस. नऊ वर्षांत माझ्याशी नऊ वाक्यं बोलले असतील. त्या दिवशी थांबेनात. मेसेज आला तेव्हा ते ओट्यावर बसले होते, धाकट्या लेकीने वाचून दाखवला. कुंदाबाईंनी, म्हणजे रोहिणीच्या आईने, देवापुढे दिवा लावला. गल्लीत सांगून झालं, दोंडाईच्याला मामाला कळवून झालं, आणि गावच्या झाडून सगळ्या माहेरवाशिणी रोहिणीला बघून गेल्या. आता नाशिकला बैठकीला कधी जायचं, तेवढं नानांनी सांगावं.

बघतो म्हणून मी फोन ठेवला. कारण त्या नाशिकच्या मुलाचा साखरपुडा होऊन महिना झाला होता. जेवून आलो होतो मी. बासुंदी पातळ होती हेही चार घरी सांगून झालं होतं. फक्त वहीतून नाव काढायचं राहिलं होतं.

ऑफिसात गेलो. वाल्मीकने पाहिलं, मेसेज गेलेला दिसत होता, पण कोणी पाठवला ते दिसत नव्हतं, कारण सहाही जणांचा पासवर्ड एकच. त्याने मोठ्या आवाजात विचारलं. कोणी वर बघेना. हेमलताही गप्प बसली असती तर आजपर्यंत कोणाला कळलं नसतं. ती उभी राहिली.

"सर, मी दाबलं. डमी म्हणजे काय करायचं ते मला समजलं नव्हतं. मी हो म्हणाले."

वाल्मीक तिच्यावर ओरडला नाही. तो विचार करत होता आणि त्याचा विचार मला दिसत होता. मंडळाच्या साईटवरून खोटे होकार जातात हे पसरलं तर साईट संपली, मंडळ संपलं, आणि हे काम बघून पुढची कामं देणारेही संपले. तेव्हा मीच पुढे झालो. हे मला लिहायला आवडत नाही, पण मीच. म्हणालो, सोपं आहे, मी आबांना कळवतो की मुलाकडच्यांचा विचार बदलला. हे वाक्य मी इतक्या घरांना सांगितलं आहे की झोपेत विचारलं तरी म्हणेन. वाल्मीकने सुटकेचा श्वास टाकला.

हेमलता अजून उभीच होती. म्हणाली, "मग त्यांचा हा आठवा नकार होईल. जो कोणी दिलाच नाही."

वाल्मीक म्हणाला, तुला समजत नाही, यात किती जणांचं पोट आहे. ती म्हणाली, समजतं सर. मग तो जे बोलला ते बोलायला नको होतं. "तुझ्या सर्टिफिकेटवर सही मला करायची आहे, हेमलता." तिला ते ठाऊक होतं. सही नाही तर वर्ष गेलं, आणि जूनमध्ये वसतिगृह सुटणार होतं.

ती जिन्यात जाऊन वडिलांशी फोनवर बोलली. त्यांच्या बोलीत बोलली, मला अर्धं समजलं. वेबसाईट म्हणजे काय हे सुकलालला सांगायच्या भानगडीत ती पडली नाही. तिच्या हातून एका घराचं नुकसान झालं, एवढंच म्हणाली. सुकलालने दोन प्रश्न विचारले, घर कोणाचं आणि किती लांब. मग काय म्हणाले, ते तिने मला नंतर सांगितलं. म्हणाले, ज्याचं नुकसान केलं त्याच्या अंगणात जाऊन उभं राहायचं असतं, निरोप पाठवायचा नसतो.

शनिवारी आम्ही सुरत लाइनच्या पॅसेंजरने निघालो. मी का गेलो? निम्मी लाज, निम्मी उत्सुकता. खोटं कशाला बोलू. उन्हाने खिडकीची पट्टी हाताला चटका देत होती. हेमलता एका कागदावर काहीतरी लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. मी चिडवलं, भाषण पाठ करतेस काय. ती म्हणाली, "मध्येच रडू आलं तर वाचता यावं म्हणून." मग शिंदखेडा येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. मला ओळखणाऱ्यांना यावरूनच कल्पना यावी.

झुलाल आबा नवी टोपी घालून बसले होते. अंगणात निंबाला झोका, त्यावर दोन माहेरवाशिणी. आम्ही नाशिकची तारीख घेऊन आलो, असंच घर धरून चाललं होतं. मी हेमलताची ओळख करून दिली, ही वेबसाईटवाली. कुंदाबाई लगबगीने आल्या आणि ती काही बोलायच्या आत तिच्या कपाळाला कुंकू लावलं. हेमलताच्या हातातला कागद हातातच राहिला.

तिने तो वाचला नाही. उभ्या उभ्याच बोलली. "आबा, तो होकार खरा नाही. मुलाकडून काहीच आलेलं नाही. बटण चालतं का ते मी बघत होते, आणि मेसेज तुम्हाला आला. चूक माझी आहे. मी हेमलता सुकलाल बारेला."

झोका थांबला. आबांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मी ते बठ्ठासले सांगी टाकं, बेटी." सगळ्यांना सांगून बसलो म्हणाले.

कुंदाबाईंनी विचारलं, "म्हंजे त्यास्नी नकार दिन्हा?"

"नाही मावशी. त्यांना काही माहीतच नाही. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. नकार कोणीच दिलेला नाही." हे शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं, झोक्यावरच्या दोघींना ऐकू जाईल असं.

मग मीही बोललो. मुलाचा साखरपुडा झालाय, नाव वहीतून काढायचं मी विसरलो. एकवीस वर्षांत मी कितीतरी घरी पेढे खायला गेलो. चूक सांगायला गेलेलं हे पहिलं घर.

रोहिणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. कोपरापर्यंत पीठ. किती ऐकलं होतं कोण जाणे. ती चिडलेली दिसत नव्हती, वर्गात दिसत असेल तशी दिसत होती. तिने हेमलताला विचारलं, मेसेज कोणाच्या नंबरवर आला.

"आबांच्या."

"माझ्या का नाही?"

हेमलता म्हणाली, "ताई, फॉर्ममध्ये मुलीच्या नंबरचा रकानाच नाही."

फॉर्म माझ्या वहीवरून केलेला. वहीत वडिलांचं नाव, मामाचं कूळ, वडिलांचा नंबर. मुलीचं शिक्षण, उंची, आणि ती माझी अक्षरं. तिला विचारायला जागा मीच कधी ठेवली नव्हती.

रोहिणी म्हणाली, "मला आला असता तर मी आधी फोन करून विचारलं असतं. वर्गात मुलाने उत्तर बरोबर सांगितलं तरी मी एकदा पडताळते." मग विचारलं, "रकाना करता येतो?"

"येतो."

"मग तो कर. तोवर माझं नाव कोणाला दिसायला नको."

ती आत गेली. खापरावर मांडा करपल्याचा वास येत होता. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. खान्देशात हाही एक दंडच असतो. हेमलताने मान खाली घालून ताट संपवलं.

सोमवारी वाल्मीकने हकिकत ऐकून घेतली आणि चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी साईटची वेगळी नक्कल तयार होती आणि सहा जणांना सहा पासवर्ड. चुकलो वगैरे म्हणाला नाही. जूनमध्ये सर्टिफिकेटवर सही केली आणि शेऱ्यात लिहिलं 'समाधानकारक'. त्याच्या लग्नात बायको कशी वाटली विचारल्यावरही तो हेच म्हणाला होता, असं त्याची बायकोच सांगते.

गावात मात्र बोलायचं ते लोक बोललेच. मुलाकडच्यांनीच मोडलं आणि झाकायला ही पोरगी पाठवली, असं शिंदखेड्यापासून धुळ्यापर्यंत फिरलं. माझ्या कानावर तीन वेगवेगळ्या तोंडांनी आलं. मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर खरं राहतं. तसं नसतं, ते रोज पुन्हा सांगावं लागतं. ते काम झुलाल आबांनी केलं. पारावर कोणी विषय काढला की त्यांचं एकच उत्तर: "नकार ऱ्हाता ते कोन येतं घर सांगाले?" यावर लोक दुसरा विषय काढायचे, कारण प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी नकार आलेला, आणि तो फोनवर आलेला, माझ्याच आवाजात.

हेमलता आता तिथेच नोकरीला आहे. यंदा तिच्या हाताखाली दोन नव्या मुली इंटर्नशिपला आल्या. कॉलेजच्या मॅडमनी मला म्हटलं, नाना, मुलांना चार शब्द सांगा. मी म्हटलं, मला कॉम्प्युटर चालू करता येत नाही, मी काय सांगणार. हेमलता काय करते ते येऊन बघा. ती काम सांगते आणि विचारते, काय समजलं ते तुझ्या शब्दांत सांग. 'हो मॅडम' हे उत्तर ती धरत नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर तिसऱ्यांदा सांगते. तपासताना नाव खोटं आणि नंबर स्वतःचा, हे पहिल्याच तासाला. चूक झाली तर जेवणाच्या सुट्टीपर्यंतही थांबायचं नाही, झाल्या मिनिटाला सांगायचं. आणि पहिला आठवडा त्यांना बटणाला हात लावू देत नाही. माझ्याजवळ बसवते, घरोघर फोन लावायला. पलीकडून कोण बोलतं ते आधी ऐका म्हणते.

फोन कशाचे, तर त्या रकान्याचे. तीनशे बारा घरांना विचारायचं, तुमच्या मुलीचा नंबर द्या. पहिला नंबर झुलाल आबांनी दिला. त्यांनी स्वतःच फोन केला होता. मोबाइलमध्ये तो 'रोहिणी' म्हणून होता, पण त्यातला आकडा त्यांना पाठ नव्हता आणि काढता येईना. त्यांनी मला थांबायला सांगितलं. "ये रोहिणी, तुना नंबर सांग वं" असं त्यांनी आत विचारलेलं मला ऐकू आलं. मग तीच फोनवर आली, आणि तिने एकेक आकडा सांगितला. मी पुन्हा वाचून दाखवला. तिने पडताळला.

आतापर्यंत एकशे चार घरांनी दिलेत. बाकीचे म्हणतात, तिचा कशाला, माझ्यावरच पाठवा. त्यांना आम्ही पुढच्या आठवड्यात परत विचारतो.